किर्लोस्करवाडीचे संस्थापक कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

प्रतिवर्षी आपल्या स्मरणिकेत संतांची आणि ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. यंदा चिटणिसांनी हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही जे नाव सुचविले ते ऐकून समितीतील एकदोन वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे जन्माने ब्राह्मण होते, लोहार-सुतार नव्हते. शिवाय गावोगावच्या आपल्या भात्याचा आणि वाकसाचा घास ज्या लोखंडी नांगराने हिरावला, तो नांगर ह्याच गृहस्थांच्या कारखान्यातून बाहेर पडला. अशा पुरुषाचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी वाचकांस आपोआप मिळेल, अशी आमची आशा आहे.

हे नाव आमच्या मनात येण्यास एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी पुतणीच्या सोयरिकीसाठी आम्हांस सांगली जिल्ह्यातील पलूस येथे जाण्याचा योग आला. व्याही आपल्याच ज्ञातीचे. त्यांचा लोखंडी जोडकामाचा कारखाना असून द्राक्षबागांच्या मांडवासाठी लागणारे अँगल आणि खांब ते तयार करतात. त्यांनी आम्हांस आसपासचा मुलूख हिंडवून दाखविला. जिकडे पाहावे तिकडे द्राक्षांचे मांडव. राज्य शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास वसाहती आखण्यात आल्या. त्यांपैकी पलूसची कृष्णा व्हॅली वाइन पार्क होय. तेथून जवळच किर्लोस्करवाडीचे रेल्वे स्थानक आहे. ज्या माळरानावर शंभर वर्षांपूर्वी निवडुंगावाचून काही उगवत नव्हते, त्याच्या शेजारी आज द्राक्षाचा रस पिंपांत भरण्यासाठी वसाहत आखली जाते, हे पाहून आम्ही विचारात पडलो. वेलीच्या आधी पाणी आले, पाण्याच्या आधी पंप आला, पंपाच्या आधी नांगर आला, आणि ह्या सर्वांच्या आधी काही माणसे आपली बिऱ्हाडे घेऊन त्या उजाड माळावर राहावयास आली. त्या माणसांच्या म्होरक्याची ही कथा आहे.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आता कर्नाटक राज्यात आहे. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. घराण्यात विद्येचा मान मोठा. परंतु लक्ष्मणाचे चित्त शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढावी, वस्तू खोलून पाहावी आणि पुन्हा जोडावी, हा त्याचा छंद. आम्ही अनेक वर्षे शाळेत घालविली आहेत. अशी मुले प्रत्येक वर्गात एकदोन असतात, आणि मास्तर लोक बहुधा त्यांस मठ्ठ समजून मागच्या बाकावर बसवितात. ह्या दोषातून आम्हीही सर्वस्वी मुक्त नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला. त्यांनी पैशाची व्यवस्था केली आणि लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. तेथे एक अनपेक्षित संकट उभे राहिले. त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद नीट उमगत नाही, असे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला ह्याहून मोठा आघात कोणता? परंतु लक्ष्मणरावांनी हाय खाल्ली नाही. रंग सुटले तरी रेघ हातात होती. त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. तेथील यंत्रशाळेत त्यांनी लेथ, भट्टी, ओतकाम ह्यांची माहिती स्वतःच्या हातांनी करून घेतली. ब्राह्मणाच्या मुलाने काजळी लागलेल्या हातांनी घण धरावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आले व ज्यासाठी समाजाने त्यांस खालच्या पायरीवर बसविले, तेच काम ह्या गृहस्थांनी आपखुषीने व अभिमानाने पत्करले.

मुंबईत असतानाच, 1888 साली, बेळगावात रामूअण्णांच्या साह्याने त्यांनी सायकलींचे दुकान काढले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली धाडाव्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकाव्या, इतकेच नव्हे तर गिऱ्हाइकांस फी घेऊन चालविण्यासही शिकवावे, असा तो क्रम होता. किर्लोस्कर बंधू ह्या नावाचा आरंभ येथून होतो. पुढे नोकरीत बढतीचा प्रसंग आला तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी पुरुषास हे सहन होण्याजोगे नव्हते. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना घातला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. ह्या नांगराविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अगत्याचे आहे, कारण आपल्या ज्ञातीचा त्याच्याशी थेट संबंध पोहोचतो.

आपल्याकडचा जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. तो सुतार घडवी, आणि त्याला बसविण्याचा फाळ लोहार घडवी. दर हंगामास फाळ झिजे, तो भट्टीत तापवून पुन्हा शेवटावा लागे. ह्या कामाबद्दल सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुते मिळे. त्यावर आपल्या घरांची चूल वर्षभर पेटत असे. परंतु लाकडी नांगर जमीन चिरतो, तिला पलटी देत नाही. हरळी आणि कुंदा ह्यांची मुळे खालच्या थरात तशीच शाबूत राहतात व पीक खातात. लोखंडी नांगराचा वाकडा पंखा मातीचे ढेकूळ उलटे करतो, मुळ्या उन्हात उघड्या पडतात आणि तण वाळून जाते. शेतकऱ्याचा ह्यात उघड लाभ होता. मात्र त्याचा ओतीव फाळ गावच्या ऐरणीवर शेवटता येत नसे. तो झिजला की दुकानातून नवा आणावयाचा. म्हणजे सुताराचे लाकूड गेले, लोहाराचा फाळही गेला, आणि दोघांचे बलुते गेले.

आरंभी शेतकऱ्यांनीच हा नांगर नाकारला. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज सर्वत्र होता. तयार केलेले नांगर सुमारे दोन वर्षे विक्रीवाचून पडून राहिले. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. नांगर प्रत्यक्ष शेतात चालवून दाखविणे हाच त्यांच्या दृष्टीने खरा प्रचार होता. एकाचे पीक दुसऱ्याने पाहिले, आणि हळूहळू मागणी सुरू झाली.

कारखान्याची घडी बसते न बसते तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या आखणीसाठी ती जागा रिकामी करण्याचा हुकूम दिला. यंत्रे उचलून न्यावी कोठे? त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभागृहाच्या बांधकामाच्या मक्त्यावर काम करीत होते. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कलांचे मोठे भोक्ते होते. रंग हातचे गेलेला चित्रकार आणि चित्रे रंगविणारा राजा यांची अशी गाठ पडावी, हा ईश्वरी संकेतच म्हणावा लागेल. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि बिनव्याजी कर्जही दिले.

जमीन मिळाली खरी. पण ती कसली? उजाड माळ, निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याचे दुर्भिक्ष. गाव नाही, बाजार नाही, शाळा नाही. जवळ काय ते रेल्वेचे स्थानक. अशा ठिकाणी 10 मार्च 1910 रोजी वसाहतीचा मुहूर्त झाला. सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह लक्ष्मणरावांच्या मागोमाग आले. निवडुंग तोडणे, जमीन सपाट करणे, झोपड्या उभारणे आणि त्याच वेळी कारखान्याची यंत्रे बसविणे, ही सर्व कामे एकदम हाती घ्यावी लागली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी ह्या माळावर संसार थाटला. बेळगावातील भरलेले घर सोडून सर्पांच्या रानात मुलांना वाढविणाऱ्या त्या माउलीचे आणि कामगारांच्या गृहिणींचे श्रम कोणत्याही जमाखर्चात लिहिलेले नाहीत. परंतु त्यांच्यावाचून ही वसाहत एक पावसाळाही टिकली नसती. जमशेटजी टाटांच्या नावाची पोलादाची नगरी साकची येथे ह्याच सुमारास उभी राहत होती. तिच्यामागे मोठे भांडवल होते. येथे भांडवल म्हणजे माणसांचा एकमेकांवरील विश्वास एवढेच होते.

ती माणसेही निरनिराळ्या वाटांनी आलेली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व देखरेख पत्करली. शंभोराव जांभेकर यंत्रविद्येत निष्णात. मंगेशराव रेगे यांनी हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक कारागीर म्हणून नावाजले. आणि राखणदार कोण? तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले. ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आणि त्या दोघांनी आयुष्यभर तो विश्वास जपला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक लक्ष्मणरावांनी घातला. त्या काळी हे बोलणे सोपे नव्हते, मग आचरणे दूरच राहिले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायतेहून येणारे लोखंड बंद पडले. कच्चा माल नाही तर भट्टी कशाची पेटणार? ह्या प्रसंगी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा ओतण्यासाठी दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या धातूने एके काळी माणसे मारली, त्याच धातूचे फाळ होऊन धान्य पिकवू लागले. आपल्या ज्ञातीला ह्या गोष्टीचे मर्म विशेष कळावे; कारण तलवार आणि विळा ही एकाच ऐरणीची लेकरे आहेत, हे आपल्यावाचून कोणास ठाऊक असणार?

1920 साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. पुढे त्याचे किर्लोस्कर मासिक झाले, आणि 1930 साली स्त्री व 1934 साली मनोहर ही मासिके निघाली. कारखान्याच्या माळावरून निघालेली ही मासिके महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी सामानसुमान असा माल वाढत गेला. 1926 साली पाणी उपसण्याचा सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात शिकून आले व त्यांनी व्यवसायाचा विस्तार केला. 1941 साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, तर 1946 साली पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा कारखाना निघाला.

1948 च्या आरंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. त्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली आणि कारखान्याची मोठी हानी झाली. ज्या पुरुषाने जातीचा विचार न करता माणसे गोळा केली, त्याच्या हयातभराच्या कष्टांना केवळ त्याच्या जातीपायी आग लागावी, ही अत्यंत खेदाची गोष्ट होय. जातीच्या संस्थेच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना आम्ही ते मुद्दाम लिहीत आहोत. ज्ञातीने एकत्र यावे ते परस्परांस हात देण्यासाठी, दुसऱ्याचे छप्पर पेटविण्यासाठी नव्हे. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मशताब्दीस, 1969 साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता थोडे आमच्या गावाकडे वळू. केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठचे गाव. आमच्या आजोबांचा भाता तेथे चालत असे. निजामी अमलाच्या अखेरच्या काळात गावातील एका बागाइतदाराने लोखंडी नांगर आणला. त्या वर्षी त्याच्या खळ्यावरून आजोबांस बलुते मिळाले नाही. वडील सांगत की, आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते त्या बागाइतदाराच्या वाड्यावर गेले व नांगर पाहण्याची परवानगी मागितली. त्याचा प्रत्येक बोल्ट त्यांनी खोलला, पंख्याचा बाक सुतळीने मोजला आणि सर्व पुन्हा होते तसे जोडून दिले. घरी आल्यावर त्यांनी त्या नांगरास नावे ठेवली नाहीत. काम चोख आहे, एवढेच ते बोलले. पुढे आमच्या बालपणी मोटा जाऊन विहिरींवर तेलइंजिने आली. मोटेचे चाक सुताराकडून गेले, कणा लोहाराकडून गेला. परंतु इंजिन बिघडले की लोक आमच्या वडिलांस हाक मारीत. कारण आजोबांनी त्यांस यंत्र खोलून पाहण्याची भीती उरू दिली नव्हती.

ही आठवण सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, नुकसान झाले ते झाले. ते नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक घरे त्या काळात गाव सोडून गेली, कित्येकांचे भाते कायमचे थंड झाले. ज्यांना बलुते गेल्यावर दुसरे काही सुचले नाही, त्यांच्या दुःखाला कोणत्याही कारखान्याच्या यशाने उत्तर मिळत नाही. तथापि ज्या यंत्राने आपला घास घेतला, त्याच यंत्राने नवा घासही दाखविला. जालना हे पुढे लोखंडी सळयांच्या गिरण्यांचे शहर झाले. 1981 साली जिल्हा झाला तेव्हापासून तेथे कामाला गेलेल्या आपल्या मुलांची संख्या वाढतच आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाचे काम करून, शेततळी खोदून, आपल्या कोरड्या मुलखातही द्राक्षबागा उभ्या केल्या. तेथील मांडवांनाही लोखंड लागते, आणि लोखंड म्हटले की आपला हात आलाच.

पलूसच्या वाइनविषयी आमचे मत विचाराल, तर आम्ही जन्माचे माळकरी. त्या पेयाची आम्हांस ना चव, ना हौस. शिवाय धंदा म्हणूनही तो निष्कंटक नाही. 2008 नंतरच्या मंदीत राज्यातील अनेक लहान वायनरी अडचणीत आल्या, हे सर्वश्रुत आहे. तासगाव-पलूस भागाची खरी कीर्ती आहे ती खाण्याच्या द्राक्षांची आणि बेदाण्याची. तासगावच्याच मळ्यांतून निवडलेले तास-ए-गणेश हे वाण आज दूरवर लावले जाते. पिंपातल्या रसाचे काय व्हावयाचे ते होवो. परंतु वेल उभी राहण्यासाठी आधी जमीन खोल नांगरली गेली, कृष्णेचे व विहिरींचे पाणी पंपाने वर चढले, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. त्या सत्याच्या तळाशी निवडुंग तोडणारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे आहेत.

परतताना व्याह्यांनी आम्हांस आपल्या कारखान्यात नेले. त्यांचा मुलगा तंत्रनिकेतनात शिकून आलेला. तोंडावर जाळी धरून तो अँगल जोडीत होता. एका कोपऱ्यात जुनी ऐरण ठेवलेली, तिला हळदकुंकू वाहिलेले. ती आता वापरात नाही, पण कोणी ती मोडीतही घातलेली नाही. आम्हांस ते फार योग्य वाटले.

ज्ञातीतील पालकांस आमची शेवटी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांस अलीकडे मुलाने कचेरीत खुर्चीवर बसावे असे वाटते. हत्यार हाती धरणे कमीपणाचे वाटते. ज्या कामाला उच्च मानलेल्या कुळातील पुरुषाने आपले सर्व आयुष्य वाहिले, ते काम आपल्याच मुलांनी लाजून टाकावे, हे कितपत शोभेल? मुलगा पुस्तकात रमत नसेल, वस्तू खोलून पाहत असेल, तर त्यास मारू नका. त्याच्यामागे एखादा रामूअण्णा उभा राहील अशी व्यवस्था करा. आपल्या संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून यंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी काही रक्कम दरवर्षी बाजूस काढावी, अशी सूचना आम्ही ह्या लेखाच्या द्वारे कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

लक्ष्मणराव आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु ऐरणीला जात नसते. जो तिच्यापुढे प्रामाणिकपणे उभा राहतो, तो विश्वकर्म्याच्या घरचाच म्हणावयाचा. ह्या भावनेने त्यांच्या स्मृतीस आम्ही ज्ञातीच्या वतीने वंदन करतो.